खडेबाजारातलं बिनपाटीचं रेडिओ-दुकान

आधी कामाचं सांगते. जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा काचेच्या नळ्यांचा, रेडिओ बेळगावात अजून कोण दुरुस्त करतं, असं गेल्या महिन्याभरात मला चौघांनी विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. दुकान खडेबाजारात आहे, पण रस्त्यावरून दिसत नाही. एका बांगड्यांच्या दुकानाशेजारून बोळ आत जातो, बोळाच्या टोकाला लाकडी जिना, आणि जिन्यावर भर दुपारीही अंधार. वर पाटी नाही. पाटी का लावली नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाटी लावली की मोबाईलवाले येतात, डिस्प्ले बदलून द्या म्हणून." सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही चाचाच म्हणते. खाली बांगडीवाल्याकडे "चाचा आहेत काय" म्हणून विचारून मगच जिना चढा. मी पहिल्यांदा न विचारता चढले आणि कुलूप बघून उतरले. माझे गुडघे आता तशा कामाचे राहिलेले नाहीत.

खोली लहान. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर रेडिओ, काही नुसती खोकी, काही नुसत्या सांगाड्याचे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत नॉब. व्हॉल्व्ह मात्र एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले, वरच्या खणात, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. सोल्डर वितळल्यावर राळेचा जो वास येतो तो खोलीत भरून राहिलेला. बसायला एक स्टूल आहे. दुसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्यानं उठायचं.

मी नेला तो मर्फीचा लाकडी खोक्याचा सेट, अप्पांचा. वेंगुर्ला रस्त्यावर बाचीच्या अलीकडे आमची पिठाची गिरण होती. तिथे तराजूच्या वरच्या फळीवर हा रेडिओ कितीतरी वर्षं बसून होता. गिरण बंद पडली, अप्पा गेले, खोलीत शेतीची अवजारं आली. यंदा दादानं ती खोली पाडायला काढली, तेव्हा माळ्यावर पोत्यात गुंडाळलेला हा निघाला. उजवा कोपरा चेपलेला आणि त्यावर कधीकाळी कुणीतरी पट्टी चिकटवलेली. दोरी तुटल्यामुळे डायलचा काटा एका कडेला मान टाकून पडलेला.

चाचांनी मागचा पुठ्ठा काढला आणि सटासट तीन शिंका दिल्या. आत पीठ होतं. ट्रान्सफॉर्मरवर, व्हॉल्व्हच्या बुडाशी, स्पीकरच्या कागदावर, सगळीकडे पिवळट, घट्ट बसलेलं पीठ.
"हे कशाचं?" चाचांनी विचारलं.
"जोंधळ्याचं असणार. तांदळाचंही असेल."
"मग ह्यात किडे असायला पाहिजेत," असं म्हणून त्यांनी टॉर्च मारली. किडे होतेच.

इथे एक सूचना. तुमच्या घरी असा सेट असेल तर "बघूया चालतो काय" म्हणून थेट प्लगात घालू नका. चाचांनी मला हे तीनदा बजावलं. जुने कागदी कपॅसिटर आतून गळके झालेले असतात, मोठे फिल्टर वाळून गेलेले असतात. त्यात वीज सोडली की आधी धूर, मग ट्रान्सफॉर्मर जातो, आणि ट्रान्सफॉर्मर जळला तर खर्च दुप्पट. ते स्वतः पहिल्यांदा वीज देतात ती मध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडून. बल्ब भक्कन पेटला की आत कुठेतरी शॉर्ट आहे. मंद लालसर राहिला तर जीव आहे. आमचा बल्ब भक्कन पेटला. "होईल, वेळ लागेल," म्हणाले.

निघताना मी त्यांना एक खास विनंती केली. काहीही करा, पण तो हिरवा डोळा तेवढा चालू करा. स्टेशन नीट लागलं की जो मिटत मिटत एकजीव होतो, तो हिरवा दिवा. लहानपणचं माझं सगळं ऐकणं त्या डोळ्यासमोरचं.
चाचा माझ्याकडे बघत राहिले. "बाई, ह्या सेटाला डोळाच नाही. जागाच नाही त्याला."
मी म्हटलं, असेल, कुणीतरी काढून टाकला असेल. त्यांनी वाद घातला नाही. वहीत नाव लिहून घेतलं आणि पाचशे रुपये ॲडव्हान्स मागितले.

आता हा उपद्व्याप का केला ते सांगायला हवं, नाहीतर एवढे पैसे कशात घातले ते कळणार नाही. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादा दरवर्षी ३१ ऑक्टोबरला न चुकता एक मेसेज टाकतो: "१९८४. इंदिरा गांधी गेल्या ते आपण आपल्या गिरणीतल्या रेडिओवर ऐकलं, सकाळी अकरा वाजता." आणि मी दरवर्षी खाली लिहिते, सकाळी नव्हे, दिवेलागणीला. बाकीचे अंगठे दाखवतात. गेली सात-आठ वर्षं हे असंच चाललंय. रेडिओ सापडल्यावर दादा म्हणाला, "ठेव तुझ्याकडे, साक्षीदार आहे तो." म्हणून मी तो साक्षीदार उचलून शहापूरला आणला.

वेळेच्या बाबतीत माझी बाजू पक्की होती. दिल्लीत सफदरजंग रोडवरच्या घरी इंदिरा गांधींना त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी गोळ्या घातल्या त्या सकाळी सव्वानऊच्या पुढे. एम्समधल्या डॉक्टरांनी प्रयत्न सोडले ते दुपारी. बीबीसीनं आधी सांगितलं, पण आकाशवाणीनं त्या गेल्याचं अधिकृतपणे सांगितलं ते संध्याकाळीच. राजीव गांधी त्या दिवशी बंगालमध्ये प्रचाराला होते. ते दिल्लीला परतले आणि त्याच संध्याकाळी पंतप्रधानपदाची शपथ झाली. मग आमच्या गिरणीत अकराला कोण सांगणार?

माझ्या आठवणीतला तो दिवस असा. बुधवार. मी चौथीत. आमची शाळा चालू होती, कारण कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला. पलीकडे चंदगड तालुक्यात, म्हणजे आमच्यापासून चार पावलांवर, महाराष्ट्र, तिथे सुट्टी दिवाळीला. त्यामुळे भाऊबीजेला आलेली आत्ती पोराला घेऊन आमच्याकडेच राहिलेली. त्या पोराला सुट्टी आणि मला शाळा, ह्याचा मला भयंकर राग. आदल्या रात्री आम्ही सगळी पोरं काळ्या फिती कापत बसलो होतो. १ नोव्हेंबर जवळ आला की आमच्या घरात हे काम असायचंच. पलीकडच्यांना कदाचित ठाऊक नसेल: १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव, आणि १९५६ साली आम्हाला विचारल्याशिवाय इकडे घातलं म्हणून आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. विकतचं कापड कोण घेणार, अप्पांनी जुन्या छत्रीचं काढून दिलेलं. छत्रीचं कापड कापताना कात्री घसरते. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

आणि मग संध्याकाळ. गिरणीत बायका बुट्ट्या घेऊन थांबलेल्या, कुणाचं दळप चाकावर. अचानक अप्पांनी मोटर बंद केली. पट्टा फट् फट् फट् करत मंदावत थांबला, आणि जी शांतता झाली ती मला आज, हे लिहिताना, कानात ऐकू येते. गिरण चालू असताना ओरडून बोलायची सवय, त्यामुळे एक म्हातारी शांततेतही ओरडूनच म्हणाली, "बाई गेली काय गा?" कुणी उत्तर दिलं नाही. हिरवा डोळा आणि त्यामागून रडवा आवाज. चाकावरचं अर्धं दळप तसंच राहिलं.

अप्पा काही इंदिराबाईंचे भक्त नव्हते. महाराष्ट्र एकीकरण समितीचा माणूस. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला आणि पुढच्या वर्षी त्यानं बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हापासून दिल्लीतल्या कुणाबद्दल ते धड बोलल्याचं मला आठवत नाही. बाईंचं नाव निघालं की "तिच्या हातात होतं, केलं नाही" हे ठरलेलं वाक्य. त्या संध्याकाळी त्यांनी उद्यासाठी कापलेल्या फितींतली एक उचलली आणि खिशाला लावली. आत्ती म्हणाली, "उद्याची फीत आज कशाला?" ते काही बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.

असो. दुकानावर येते.

चाचांनी सांगितले होते तीन आठवडे. लागले दहा. ह्याबद्दल मला स्पष्ट लिहायचंय. फोन ते उचलतच नाहीत. दोनदा गेले तर "पार्ट यायचाय", तिसऱ्यांदा गेले तर माझा सेट फळीच्या खाली, वर दुसऱ्या कुणाचा फिलिप्स उघडलेला. मी जरा आवाज चढवला. चाचा शांतपणे म्हणाले, "ह्याच्या मालकीणबाई नव्वदच्या आहेत. तुमचं थांबेल." त्यावर काय बोलणार? पण वेळ जास्त लागणार हे आधीच सांगितलं असतं तर माझ्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या. लग्नकार्यात मिरवायचा म्हणून सेट नेत असाल तर मुहूर्ताच्या चार महिने आधी न्या.

चौथ्या फेरीला मात्र त्यांनी स्वतःहून स्टूल पुढे केलं. सेट पूर्ण उघडा, सांगाडा बाहेर काढलेला, पीठ साफ केलेलं. ते एका कागदावर जमवून ठेवलं होतं, टाकू का म्हणून विचारायला. मग त्यांनी रिकामं खोकं आडवं केलं आणि आतल्या वरच्या फळीवर टॉर्च धरली. लाकडावर पेन्सिलनं लिहिलेलं:

आले ८-१०-८४
गेले ९-११-८४

"जुने मेकॅनिक असंच लिहायचे," चाचा म्हणाले. "वही हरवते, खोकं हरवत नाही. हे अक्षर आमच्या उस्तादांचं नाही. दुसरीकडं कुठं दाखवल्ला असणार."

मी ते दोनदा वाचलं. ८ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर. म्हणजे ३१ तारखेला हा रेडिओ गिरणीत नव्हताच. बेळगावात कुणाच्या तरी टेबलावर पोट उघडून पडलेला होता.

चाचांना मी काही सांगितलेलं नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग ते आपलं सांगत बसले, हातातलं काम थांबवून. ते तेव्हा ह्याच खोलीत शिकाऊ. दुपारपासून खालच्या बोळात माणसं जमायला लागली. उस्तादांनी दुरुस्त झालेले, गिऱ्हाइकांनी न नेलेले जितके सेट चालू होते तितके खिडकीत मांडले आणि सगळे एकाच स्टेशनावर लावले. बॅटरीवरचे वेगळे, विजेवरचे वेगळे. व्हॉल्व्हचे सेट तापायला अर्धं मिनिट घेतात, त्यामुळे आवाज एकामागून एक उगवत गेले. "त्या दिवशी कामाला हात लावला नाही. पण सेल किती विकले! ट्रान्झिस्टर असून सेल संपल्लेले लोक धावत यायचे." मग म्हणाले, राजीव गांधी गेले ती रात्र होती, १९९१च्या मे महिन्याची, दुकान बंद होतं, पण सकाळी उघडायच्या आधीच माणसं जिन्यावर. आणि मुंबईचं नोव्हेंबर २००८? "तेव्हा कुणी आलं नाही. सगळे टीव्हीसमोर. मीपण."

घरी येऊन मी आत्तीला फोन लावला. आत्ती आता ऐंशीच्या पुढची, कान गेलेत, पण डोकं लखलखीत. फोनवर तीही गिरण चालू असल्यासारखी ओरडते.

"रेडिओ कुठला गे? रेडिओ बेळगावला पडल्ला की दुरुस्तीला! खंडेनवमीला तुझ्या दादानंच पाडल्ला, पुजेला पुसताना. कोपरा चेपला नव्हं? सांगत नाही काय तो तुला?"

मी कोपऱ्यावरच्या पट्टीकडे बघितलं.

"मग ऐकलं कुठं आत्ती आम्ही?"

"समोर हाटेलात. त्याच्याकडं डोळ्याचा रेडिओ होता, हिरवा डोळा. आम्ही बाया आत कशाला जाऊ? गिरणीच्या पायरीवर उभ्या राहून ऐकत होतो. तू माझ्या पदराला धरून. गिरणीच्या दणक्यात काय समजेना म्हणून तुझ्या अप्पानं मोटर बंद केली."

"सकाळी की संध्याकाळी?"

"गोळी घातली म्हणून चंदगडच्या गाडीच्या कंडक्टरनं दुपारीच सांगितल्लं. मेली म्हणून संध्याकाळी. पण तू दुपारी शाळेत होतीस की. तुला कसं ठाऊक असणार?"

म्हणजे पट्टा खरा, शांतता खरी, हिरवा डोळाही खरा, फक्त तो रस्त्यापलीकडे होता. मध्ये डांबरी रस्ता, त्यावरून जाणाऱ्या गाड्या, हॉटेलातली गर्दी. हे सगळं माझ्या डोक्यातून कधी पुसलं गेलं आणि तो डोळा उचलून आमच्या फळीवर कधी मांडला गेला, काही सांगता येत नाही. चाळीस वर्षं मी दादाला वेळेवरून टोकत होते आणि जागा आम्हा दोघांचीही चुकलेली. पुढचे दिवस सतत वाजणारी सारंगी मला आठवते, तीही मग हॉटेलातलीच म्हणायची. ३ नोव्हेंबरला अंत्यसंस्कार झाले, तेव्हाही आमची फळी रिकामीच होती.

आता हिशेब. एकूण ३,८०० रुपये झाले, ॲडव्हान्स धरून. त्यात कपॅसिटर सगळे नवे, दोन व्हॉल्व्ह, डायलची दोरी, मेन्सची वायर आणि मजुरी. बिल म्हणजे वहीचं पान. व्हॉल्व्हना गॅरंटी नाही, बाकी कामाला सहा महिने, तेही तोंडी. पॉलिश ते करत नाहीत. तुटलेल्या एका नॉबच्या जागी त्यांनी न विचारता दुसऱ्याच सेटाचा बसवला, तो रंगानं जरा गडद आहे. मला खटकतं. आत ब्लूटूथ बसवून देऊ काय म्हणूनही विचारलं होतं, तरुण गिऱ्हाइकं मागतात म्हणे. मी नको म्हटलं. चेपलेला कोपरा सरळ करू का म्हणाले, तेही नको म्हटलं.

आवाज? लावल्यावर अर्धं मिनिट काहीच नाही, मग घुमटातून आल्यासारखा जाडसर आवाज चढतो. मोबाईलच्या स्पीकरमधून ती जाडी येणार नाही. धारवाड खणखणीत लागतं. लहानपणी आम्ही सांगली लावायचो, मराठी म्हणून, आणि धारवाड लागलं की अप्पा काटा पुढे सरकवायचे. आता मी सकाळी धारवाडच लावून ठेवते, शाळेला जाईपर्यंत. कन्नड मला शाळेतल्या सरकारी पत्रांपुरतं येत होतं, ते जरा सुधारलंय. अप्पांना हे कळलं असतं तर काय म्हणाले असते, माहीत नाही.

खरखर मात्र आहे. ती रेडिओची नाही, घराची. एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, टीव्हीचा डबा, सगळे मीडियम वेव्हवर किरकिर करतात. चाचांनी सांगितल्याप्रमाणे चार्जर काढून ठेवले आणि खिडकीबाहेर दहा-बारा फूट तार सोडली तर बराच फरक पडतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर लावू नका, गुरगुरतो.

हे दुकान कुणासाठी? गाणी ऐकायची असतील तर दोन हजारांत चांगला स्पीकर मिळतो, तो घ्या. घरात वडिलांचा-आजोबांचा सेट पडून असेल आणि थांबायची तयारी असेल तर चाचांकडे न्या. उघडल्यावर आत काय लिहिलंय ते त्यांना आवर्जून दाखवायला सांगा. पाचांपैकी चार तारे. एक कापला तो दहा आठवड्यांचा आणि गडद नॉबचा मिळून.

सेट परत देताना चाचांनी विचारलं होतं, आतलं पेन्सिलचं पुसू का, पॉलिशवाल्याला देताना घाण दिसेल. मी राहू द्या म्हटलं. मग त्यांनी त्याच्या खाली बॉलपेननं आपल्या दोन तारखा लिहिल्या, आले, गेले, तशाच पद्धतीनं. मी त्या चारही ओळींचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली आत्तीचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, खंडेनवमीसकट.

दादानं दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर दिलं: "त्या मेकॅनिकनं तारीख चुकीची घातली असणार."

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. जिन्याच्या वरच्या पायरीशी तुळई खाली आलीय, डोकं सांभाळा.